बिननावाचं पुडकं

आमच्या दुकानात आम्ही काहीच विकत नाही. लोक वस्तू घेऊन येतात आणि आम्ही ती गुंडाळून देतो. घड्याळ असो, चादर असो, नाहीतर कुणाच्या सासऱ्यांसाठी घेतलेला गुडघ्याचा पट्टा असो, आमच्या टेबलावरून ती वस्तू अशी नटूनथटून निघते की देणाऱ्यालाच वाटतं, जाऊ दे, आपल्यालाच ठेवावी. कागद, रिबन, चिकटपट्टी आणि आम्हा बायकांचे हात, एवढंच आमचं भांडवल. मला दुकानात सगळे ‘कात्री’ म्हणतात. मी कागद सरळ कापते म्हणून म्हणतात, असं मी धरून चालते. बाकीच्या बायका ते ऐकून नुसत्या हसतात.

मुंगी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. अंगाने एवढीशी, दिवसभर कामात, आणि तोंडातून शब्द म्हणून नाही, त्यामुळे हे नाव तिला पहिल्याच आठवड्यात चिकटलं. मीच तिला दुकानात लावली. माझ्याकडेच राहायला होती. आधीच्या दोन नोकऱ्या तिने मुकेपणाने घालवल्या होत्या. एका ठिकाणी तर पगाराचं पाकीट दुसरीच्या हातात गेलं तेही ती बोलली नाही. इथेही जमलं नाही तर परत घरी जायचं, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. घरी जायचं म्हणजे काय, तर वडिलांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी मुलाला चहा नेऊन द्यायचा आणि मान खाली घालून बसायचं. मुंगीला ते नको होतं. तिला ही टेबलं, हे कागद, हेच हवं होतं. रात्री झोपेतही तिची बोटं चादरीला घड्या घालायची.

आणि हात काय सांगू! मी इतकी वर्षं या कामात आहे, पण मुंगीसारखी चुण्यांची घडी मला आजही येत नाही. कोपरा असा दुमडायची की कागद तसाच जन्माला आला असावा. पण आमच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, तिला आधी तात्पुरतंच ठेवलं होतं. “शनिवारी सांगतो, सोमवारपासून यायचं की नाही ते,” एवढंच ते म्हणाले होते. काका माणूस सोन्यासारखा, पण लाजाळू इतका की शिंक आली तरी दुकानाबाहेर जाऊन शिंकतो.

आता मुद्द्याचं सांगते, आणि स्पष्ट सांगते. आमच्या दुकानात काम करणाऱ्या सगळ्या बायका, आणि टॉयलेटमध्ये डबा नव्हता. पॅड बदललं तर ते टाकायचं कुठे? गेल्या वर्षी कुणीतरी वैतागून ते पाण्याबरोबर सोडून दिलं आणि व्हायचं तेच झालं. पाइप तुंबला, प्लंबर आला, त्याने लांब तार घालून ते बाहेर काढलं, तारेच्या टोकाला उंच धरलं आणि हरवलेली छत्री परत करावी तसं गिऱ्हाइकांसमोर विचारलं, “हे कोणाचं?” काका तेव्हा जे बाहेर गेले ते दुकान बंद करायच्या वेळेलाच परतले. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: ‘टॉयलेटमध्ये काहीही टाकू नये.’ मी म्हटलं, मग कुलूपच लावा की, वापरायचं तरी कशाला! पण हे मी बायकांना म्हटलं. काकांपुढे माझीही कात्री म्यानात. त्यामुळे ज्या-त्या बाईने आपापलं गुंडाळून, पर्समध्ये लपवून घरी न्यायचं, हा नियम कुणी न सांगता पडून गेला.

त्या गुरुवारी आमच्याकडे एक मोठं काम होतं. जवळच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाई निवृत्त झाल्या होत्या. शाळेतल्या प्रत्येकाने त्यांना एकेक छोटी भेट द्यायची आणि ती सगळी पुडकी एका मोठ्या खोक्यात घालून संध्याकाळी बाईंच्या घरी पोचवायची. सगळ्यांना एकच कागद, आकाशी रंगाचा, वर रुपेरी रिबन, आणि प्रत्येक पुडक्याला देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. सकाळपासून टेबलावर आकाशी ढीग वाढत होता. मान वर करायला फुरसत नव्हती.

दुपारनंतर खोकं गेलं. मी चहाचा कप तोंडाला लावते तोच मुंगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

“मावशी, माझं पुडकं कुठंय?”

“कसलं पुडकं?”

ती खाली बघायला लागली. मग माझ्या कानाशी येऊन तिने जे सांगितलं ते ऐकून माझा चहा नाकात गेला.

झालं होतं असं. मुंगीने पॅड बदललं. आधी त्याच्याच वेष्टनात घट्ट गुंडाळलं, इथपर्यंत शहाणपणच होतं. पर्समध्ये जेवणाचा डबा होता, डब्याशेजारी ते ठेवायला तिचं मन घेईना. नुसतं बाहेर ठेवलं तर कुणी बघेल. मग तिने विचार केला की लपवायचं तर गर्दीतच लपवावं. टेबलाखालच्या टोपलीत आकाशी कागदाच्या कापट्या होत्या, त्यातली एक घेऊन तिने ते बांधलं आणि निघताना पिशवीत टाकू म्हणून टेबलाखालच्या फळीवर ठेवलं.

“अगं पण रिबन? रिबन कशाला लावलीस?”

“हात थांबलाच नाही, मावशी.”

“चुण्यापण घातल्यास?”

तिने मान हलवली. चुण्यापण घातल्या होत्या. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, दुसरं काय!

मी उठले आणि काकांकडे गेले. ते गल्ल्यामागे बसून खूश दिसत होते. मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, “काका, इथे फळीवर एक पुडकं होतं…”

“होतं ना!” काका म्हणाले. “तुमच्या नजरेतून सुटलं होतं. मीच बघितलं आणि खोक्यात घातलं. चिठ्ठी नव्हती त्याला, पण काय सुरेख बांधलेलं! सगळ्यात वर ठेवलं मी ते. बाईंना आधी तेच दिसायला हवं.”

मुंगीने माझा दंड इतका घट्ट धरला की अजून तिथे दुखतं.

हे पुडकं तिथे उघडलं गेलं तर संपलंच. शाळेची सगळी माणसं जमलेली, दुकानाचं नाव खोक्यावर छापलेलं. काका तोंड लपवायला कुठे जातील देव जाणे. शनिवारचा निर्णय मग वेगळा सांगायची गरजच नाही. आणि नोकरीचंही सोडा, ही पोर पुन्हा जन्मात कुणापुढे मान वर करणार नाही.

“काका, आम्ही जरा जाऊन येतो,” मी म्हटलं. “एका पुडक्याची रिबन सैल राहिली.”

“तुमच्या हातची? सैल?” काकांना आमच्या वतीने अपमान वाटला. “शक्यच नाही!”

पण तोवर मी मुंगीला ओढत बाहेर आणलं होतं. स्कूटर काढली, तिला मागे बसवलं. वाटेत ती माझ्या पाठीला डोकं टेकून एकच वाक्य म्हणत होती, “मावशी, मी मरेन पण सांगणार नाही. तूच काहीतरी सांग. तुला येतं बोलता.” मी म्हटलं, “तू फक्त उभी राहा. बोलायचं माझ्यावर सोड.” बढाई मारायला माझं काय जातं!

बाईंच्या घराचं दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. हॉल माणसांनी भरला होता. खुर्च्या कमी पडल्या म्हणून काही जण खिडकीच्या कट्ट्यावर बसले होते. मधोमध बाई, उंच, पिकलेल्या केसांच्या, नाकावर चष्मा, आणि समोर आमचं खोकं. अर्धी पुडकी उघडून झाली होती. कागद मात्र एकही फाटलेला नव्हता. बाई प्रत्येक कागद सोडवून, घडी करून शेजारी ठेवत होत्या. दुसरी वेळ असती तर मी त्या बाईच्या पायाच पडले असते.

मुंगीचं पुडकं बाईंच्या मांडीवर होतं.

“या, या!” आमच्या अंगातले दुकानाचे कोट बघून बाई म्हणाल्या. “तुम्हीच ना बांधणाऱ्या? अहो, काय हात आहेत! हे बघा, हे सगळ्यात वरचं. याला नाव नाही, म्हणून शेवटी उघडायचं ठरवलंय. तोवर कुणाचं असेल ते ओळखायचा खेळ चाललाय.”

“मोजे!” खेळाचे सर खिडकीतून ओरडले. “मी दाबून बघितलंय. मऊ आहे. लोकरीचे मोजे.”

“छे, रुमाल,” गाण्याच्या बाई म्हणाल्या. “एवढं हलकं म्हणजे रेशमी रुमाल.”

म्हणजे ते हातोहात फिरलंही होतं! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं.

मी घसा साफ केला. “बाई, ते चुकून आलंय. ते आमचं नमुन्याचं पुडकं आहे. रिकामं असतं ते.”

“रिकामं कुठंय? आत काहीतरी आहे.”

“कापूस,” मी म्हटलं. “कापूस भरतो आम्ही, आकार यायला.” हे तर अगदीच खोटं नव्हतं.

“मग राहू द्या की माझ्याकडे. नमुना इतका सुंदर असेल तर मी कपाटात मांडून ठेवीन. उघडणारच नाही.”

कपाटात! काचेच्या कपाटात, बक्षिसांच्या ढालींशेजारी ते पुडकं मला डोळ्यांसमोर दिसलं. माझी तर पाचावर धारण बसली. मी म्हटलं, दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आहे. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “आत्ता तर नमुना म्हणालात ना?” मी म्हटलं, म्हणजे नमुना दुसऱ्या गिऱ्हाइकाचा. खेळाचे सर हसायला लागले. ज्या बाईने जन्मभर पोरांची खोटी कारणं ऐकली तिच्यापुढे मी कारणं देत होते. मी आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर पडलं नाही. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

“ठरलं तर,” बाई हसून म्हणाल्या. “कुणीतरी शाळेतलंच लाजाळू आहे, नाव लिहायला धजलं नाही, आणि आता या दोघींना परत आणायला पाठवलंय. ज्याने नाव न लिहिता दिलं त्याची माया सगळ्यात खरी. उघडूयाच.” आणि त्यांनी रिबनच्या टोकाला हात घातला.

“बाई, थांबा. ते माझं आहे.”

मी वळून बघितलं. मुंगी बोलत होती. कान लाल झालेले, पण मान सरळ.

“माझं वापरलेलं पॅड आहे त्यात. दुकानात टाकायला डबा नाही. घरी न्यायला म्हणून बांधून ठेवलं होतं, ते चुकून तुमच्या खोक्यात आलं. मावशी मला वाचवायला खोटं बोलली. माफ करा.”

खेळाचे सर, ज्यांनी दाबून बघितलं होतं, ते आपल्या हाताकडे बघत बसले. गाण्याच्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला, आणि रुमालामागून आधी खुदकन आणि मग मोठ्याने हसू फुटलं. पण मी बाईंकडे बघत होते. बाईंनी ते पुडकं टाकून दिलं नाही, झटकलं नाही. हळूच हातात धरून त्या उठल्या.

“रिबन कुणी बांधली?”

“मीच.”

“आणि या चुण्या?”

“त्यापण.”

“माझ्या सगळ्या भेटींत या एकाच पुडक्याला असल्या चुण्या आहेत,” बाई म्हणाल्या. “चल आत, डबा दाखवते तुला. सर, तुम्ही हात धुऊन घ्या, आणि असे बसू नका, काही होत नाही.”

आम्ही दोघी मागोमाग गेलो. बाथरूममध्ये कोपऱ्यात पायाने झाकण उघडायचा डबा होता, आत पिशवी. मुंगीने पुडकं त्यात टाकलं, आणि आम्ही तिघींनी साबणाने हात धुतले. हात धुता-धुता बाई म्हणाल्या, “मुख्याध्यापिका झाले तेव्हा खुर्चीवर बसायच्या आधी मी मुलींच्या बाथरूममध्ये असे डबे ठेवले. लोक म्हणाले, आधी ऑफिसला रंग द्या. मी म्हटलं, रंगावाचून कुणाचा वर्ग बुडत नाही, यावाचून बुडतो.” मग मुंगीकडे वळून म्हणाल्या, “पुढच्या वेळी साधा रद्दी कागद घे. घट्ट गुंडाळ आणि वर लाल पेनाने मोठी खूण कर, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईला न उघडता कळेल आत काय आहे. तू असं बांधलंस तर ती बिचारी भेट म्हणून घरी नेईल.”

मुंगी हसली. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

“तुमच्या मालकांना मी फोन करते,” बाई म्हणाल्या. “सांगते डब्याचं.”

“नको,” मुंगी म्हणाली. “मी सांगते.”

येताना ती मागच्या सीटवर ताठ बसली होती. मी दोन-तीनदा म्हटलं, अगं, शनिवार होऊन जाऊ दे, मग सांग. नोकरी पक्की झाली की काय बोलायचं ते बोल. ती ऐकेना. मुंगीला पंख फुटले म्हटलं तर तिला राग येईल, म्हणून गप्प बसले.

दुकानात काका वाट बघत होते. “काय, झाली का घट्ट रिबन?”

“काका, रिबन सैल नव्हती,” मुंगी म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं. फळीपासून खोक्यापर्यंत आणि खोक्यापासून बाईंच्या मांडीपर्यंत. बाकीच्या बायकांच्या हातातल्या कात्र्या थांबल्या. काका आधी छताकडे बघत होते, मग गल्ल्याकडे, मग आपल्या चपलांकडे. “सुरेख बांधलेलं” आणि “सगळ्यात वर ठेवलं” हे त्यांना आठवत असणार. मुंगी शेवटी म्हणाली, “पाटी लावलीत, पण टाकायचं कुठे ते सांगितलं नाहीत. टॉयलेटमध्ये झाकणाचा डबा पाहिजे, काका. आम्ही सगळ्या रोज पर्समध्ये घेऊन फिरतो. ते बरं नाही, आणि लाजायचंही काही नाही त्यात.”

काका उठले, चप्पल घातली आणि बाहेर गेले. दुकान बंद करेपर्यंत आले नाहीत.

शुक्रवारी ते आले, पण आमच्याकडे न बघता मागच्या खोलीच्या पडद्याआडच बसले. मुंगीने दिवसभर मुकाट्याने काम केलं. संध्याकाळी घरी येऊन तिने आपली बॅग काढली आणि कपडे भरायला घेतले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, काकांचा, तिच्या वडिलांचा, आणि सगळ्यात जास्त त्या प्लंबरचा, का ते मला सांगता येणार नाही. मी तिला विचारलं, “सांगितलंस त्याचा पस्तावा होतोय का?” ती बॅगेत कपडे कोंबता-कोंबता म्हणाली, “नाही. पण इथले कागद आठवतील गं.”

शनिवारी आम्ही दोघी लवकर गेलो. काका आमच्याही आधी आलेले होते. आमच्या टेबलावर एक भलंमोठं गाठोडं होतं. काय होतं ते! चार रंगांचे कागद एकमेकांवर चिकटवलेले, जिथे कागद कमी पडला तिथे वर्तमानपत्र, कोपरे उंदराने कुरतडल्यासारखे, आणि सगळ्याला चिकटपट्टी इतकी की एखाद्याचा मोडलेला पाय बांधून झाला असता. वर एक रुपेरी रिबन, तिची गाठ तर बुटाची.

“हे… तुमच्या सगळ्यांसाठी,” काका भिंतीकडे बघत म्हणाले. “तिकडे ठेवा.”

मी कात्री घेतली. कागद सोडवता-सोडवता घाम फुटला. आतून निघाला डबा. चकचकीत, पायाने झाकण उघडणारा, आणि आत पिशव्यांचं बंडल, जुन्या रद्दीचा एक गठ्ठा आणि लाल पेन.

“मुख्याध्यापिका बाईंकडे जाऊन विचारून आलो, काय काय लागतं ते,” काका म्हणाले. भिंतीलाच सांगत होते, पण सांगत होते. “पाटीपण बदलतो.”

“अहो काका, पण डबा गुंडाळलात कशाला?” मी हसून-हसून खुर्चीवर बसले होते.

“मग? भर रस्त्याने उघडा कसा आणणार?”

बायका एवढ्या हसल्या की शेजारचा दुकानदार डोकावून गेला. काकाही हसले, लाजत लाजत. मुंगी मात्र हसली नाही. तिने तो फाटका, चुरगळलेला, चिकटपट्टीने माखलेला कागद हातात घेतला, टेबलावर पसरला आणि तळव्याने सरळ करायला लागली. तिचे डोळे भरले होते. तिला काय वाटत होतं ते मला कळत होतं, मलाही तेच वाटत होतं. त्या माणसाने जन्मात कधी एक पुडकं बांधलं नव्हतं.

“काका, कोपरा असा नसतो दुमडायचा,” ती नाक ओढत म्हणाली. “आधी आतली बाजू घ्यायची.”

काकांनी पहिल्यांदाच भिंत सोडून तिच्याकडे बघितलं.

“आज घाई आहे,” ते म्हणाले. “सोमवारी शिकव.”